घेतलेल्या भावाला येईपर्यंत शेअर धरून ठेवावेत का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा आहे : २०२१ साली डीमॅट खाते उघडून तुम्ही चौदा कंपन्यांचे शेअर घेतलेत. त्यांपैकी पाच वर गेले, ते पंधरा-वीस टक्के नफा दिसताच काही महिन्यांत विकून टाकलेत. उरलेल्या नऊ कंपन्यांत सहा लाख रुपये गुंतलेले आहेत आणि त्यांचे आजचे मूल्य तीन लाख साठ हजार आहे. घेतलेल्या भावाला आले की विकायचे, असे तुम्ही ठरवले आहे. तोपर्यंत नुसते थांबावे की आणखी खरेदी करून ॲव्हरेज कमी करावे, असे तुम्ही विचारता. कार्यालयातील एक सहकारी ऑप्शनमधून, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारख्या करारांतून, तोटा भरून काढण्याचा सल्ला देतो आहे आणि घरी यातले काही सांगितलेले नाही, हेही तुम्ही प्रांजळपणे लिहिले आहे.

मी बावीस वर्षे पुण्यात गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करते. तुमच्यासारख्या परिस्थितीतील माणसे मला दर महिन्याला भेटतात, त्यामुळे सविस्तर लिहिते. सर्वांत आधी एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. तुमच्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत, थांबणे आणि ॲव्हरेज करणे. विकणे हा तिसरा पर्याय तुम्ही मांडलेलाच नाही. तो नाकारण्याचे कारण तुम्ही दिले असतेत तर गोष्ट वेगळी होती. पण तो तुमच्या मनात प्रश्न म्हणून उभाच राहिलेला नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

माझ्या उत्तराच्या मर्यादाही आधीच सांगते. त्या नऊ कंपन्या कोणत्या आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. हे पैसे कशासाठी आहेत, तुमच्या एकूण बचतीत त्यांचा वाटा किती आहे आणि डोक्यावर कर्ज आहे का, हेही मला ठाऊक नाही. तीन लाख साठ हजार ही एकूण बचतीच्या दहा टक्के रक्कम असेल तर निर्णय सावकाश घेता येईल. तीच सगळी पुंजी असेल आणि दोन वर्षांनी मुलांच्या शिक्षणासाठी लागणार असेल, तर नऊ शेअरांच्या भरवशावर ती ठेवणे मुळातच योग्य नाही. म्हणून अमुक शेअर विका किंवा ठेवा असे मी सांगणार नाही; विचार कसा करावा, एवढेच सांगू शकेन.

वर गेलेले लवकर विकणे आणि पडलेले धरून ठेवणे ही तुमची वैयक्तिक दुर्बलता नाही. डॅनियल काहनेमान आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की माणूस आपली एकूण संपत्ती किती आहे यापेक्षा एखाद्या ठरावीक बिंदूपासून आपण वर आहोत की खाली, यावरून सुखदुःख मोजतो, आणि त्या बिंदूखालचे दुःख तितक्याच नफ्याच्या सुखापेक्षा बरेच मोठे असते. त्यांच्या पुढील मोजणीनुसार दुपटीहून थोडे अधिक. शेअरच्या बाबतीत हा बिंदू म्हणजे बहुतेक वेळा खरेदीभाव. बिंदूच्या वर असताना आपण हातातला नफा जपतो आणि खाली असताना सुटकेच्या आशेवर जोखीम पत्करतो. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीला स्वतंत्र नाव दिले. पुढे १९९८ मध्ये टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका ब्रोकरकडील दहा हजार खात्यांचे १९८७ ते १९९३ या काळातील व्यवहार तपासले. नफ्यातील शेअर विकले जाण्याचे प्रमाण तोट्यातील शेअर विकले जाण्याच्या सुमारे दीडपट निघाले. गुंतवणूकदारांनी विकलेल्या नफ्यातील शेअरांनी पुढच्या वर्षभरात, त्यांनी जपून ठेवलेल्या तोट्यातील शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के अंक अधिक परतावा दिला, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे ‘पडलेला परत येईल आणि चढलेला खाली येईल’ हा अंदाजही त्या माणसांच्या बाबतीत सरासरीने चुकलेला होता.

हे संशोधन मी बऱ्याच वर्षांपूर्वी वाचले होते, पण त्याचा पूर्ण अर्थ मला एका घराच्या अनुभवातून कळला. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका यजमानांच्या निधनानंतर कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आल्या. यजमान माझ्या परिचयाचे होते. तेवीस कंपन्यांचे शेअर, त्यांतील बहुतेक तोट्यात, आणि दर दिवाळीनंतरच्या भेटीत त्यांचे एकच वाक्य असे : “घेतलेल्या भावाला येऊ द्या, मग बघू.” बाईंना मी एक साधी यादी करून दिली. कंपनीचे नाव, ती काय करते, गेल्या पाच वर्षांत तिने नफा कमावला की नाही, कर्ज किती आहे आणि आज आपल्याकडील शेअरांची किंमत किती. यजमानांना दहा वर्षे जमले नव्हते ते त्यांनी तासाभरात केले. पंधरा नावांवर काट मारली. प्रत्येक वेळी त्यांचा प्रश्न एकच होता, “हे आपण ठेवले तरी कशासाठी?” काही दिवसांनी त्यांना यजमानांची वही सापडली. तिच्यात प्रत्येक शेअरचा खरेदीभाव नीटनेटक्या अक्षरात लिहिलेला होता. वही वाचून त्यांनी मला दूरध्वनी केला आणि काट मारलेल्यांपैकी एका कंपनीचे नाव घेऊन म्हणाल्या, “हा तर सत्तर टक्के तोट्यात आहे. थोडे थांबू या का?” ती भेट आणि हा दूरध्वनी यांच्या मधल्या काळात त्या कंपनीत काहीही बदललेले नव्हते. फक्त एक आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर आला होता.

त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली, आणि तुम्हालाही तीच सुचवते. एका कोऱ्या कागदावर नऊ नावे लिहा, पुढे आजचे मूल्य लिहा, आणि खरेदीभाव कुठेही लिहू नका. मग प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा की एवढीच रक्कम आज माझ्या बँक खात्यात रोख पडून असती, तर ती मी याच कंपनीत घातली असती का? तुम्ही किती रुपयांना घेतले, हे कंपनीच्या कारखान्याला, ग्राहकांना आणि बाजारातील इतर खरेदीदारांना ठाऊक नाही. तो भाव केवळ तुमच्या स्मरणात आणि प्राप्तिकराच्या हिशेबात शिल्लक आहे. कंपनीचे पुढचे भवितव्य त्या आकड्याने ठरत नाही, मग आपला निर्णय त्याने का ठरावा?

घेतलेल्या भावाला येणे म्हणजे नेमके काय, याचाही हिशेब करा. सहा लाखांचे तीन लाख साठ हजार झाले म्हणजे घसरण चाळीस टक्क्यांची, पण परत सहा लाख होण्यासाठी सुमारे सदुसष्ट टक्के वाढ लागते. वर्षाला बारा टक्के दराने त्यासाठी जवळपास साडेचार वर्षे लागतील, सहा टक्के दराने पावणेनऊ. ज्या शेअरमध्ये घसरण सत्तर टक्क्यांची आहे, त्याला मूळ जागी यायला सव्वातीनपटीहून अधिक व्हावे लागेल. आणि एवढे होऊनही तुम्ही २०२१ मध्येच उभे असाल, कारण मधल्या वर्षांची महागाई आणि त्या पैशाने दुसरीकडे मिळवले असते ते उत्पन्न या हिशेबात कुठेच धरलेले नाही.

आता धीर धरण्याविषयी. तुम्ही म्हणाल की बाजारात संयम ठेवावा असे सगळेच सांगतात, आणि ते बरोबरही आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक कोसळून २६ हजारांच्या खाली बंद झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो ४७ हजारांच्या वर होता. त्या आठवड्यात घाबरून विकणाऱ्यांना थांबवण्यासाठी मी दिवसभर दूरध्वनीवर होते. परंतु बाजार पडणे आणि एखादी कंपनी पडणे या दोन निराळ्या घटना आहेत. सेन्सेक्ससारखा निर्देशांक पुन्हा उभा राहतो, यामागे एक कारण असे की तो आपल्या घटकांना चिकटून बसत नाही. निकषांत न बसणाऱ्या कंपन्या काढून त्यांच्या जागी दुसऱ्या घेतल्या जातात. निर्देशांकाच्या इतिहासावरून मिळालेला धीर आपण एकाच कंपनीला लावतो, तेव्हा तो धीर उसना असतो.

येस बँकेचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये तो शेअर चारशे रुपयांच्या आसपास होता. त्यानंतर तो सतत घसरत गेला आणि त्या घसरणीत किरकोळ भागधारकांची संख्या वाढत गेली, कारण चारशेचा शेअर दोनशेला, मग शंभराला, मग पन्नासला मिळतो म्हणजे स्वस्त, असे पुष्कळांना वाटले. डिसेंबर २०१९ मध्ये सेन्सेक्समधून ही बँक वगळली गेली. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध आणले; पुनर्रचनेत शंभराहून अधिक शेअर असणाऱ्या भागधारकांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, आणि जुलै २०२० मध्ये बँकेने नव्याने शेअर विकले ते बारा रुपयांना. चारशे हा आकडा ज्यांच्या डोक्यात पक्का बसला होता, त्यांना प्रत्येक पायरीवर भाव स्वस्तच दिसला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१९ च्या त्याच फेरबदलात टाटा मोटर्सही सेन्सेक्समधून बाहेर पडली होती. मार्च २०२० मध्ये तो शेअर सत्तर रुपयांच्या खाली गेला, २०२२ च्या डिसेंबरात कंपनी सेन्सेक्समध्ये परतली आणि २०२४ मध्ये भाव हजाराच्या पुढे गेला. तेव्हा विकलेला शेअर वर जाऊच शकत नाही, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या नऊपैकी एखादा जाईलही, आणि तो कोणता हे आज मलाही सांगता येणार नाही. मात्र ‘मला यात तोटा झाला आहे’ हे टाटा मोटर्स धरून ठेवण्याचे कारण तेव्हाही होऊ शकत नव्हते. कंपनीच्या गाड्यांची मागणी, तिच्यावरील कर्ज, परदेशी उपकंपनीची स्थिती यांविषयी ज्याचे काही मत होते, त्याने ते मत वापरून धरले असेल तर ते योग्यच होते. तुमच्या नऊ कंपन्यांविषयी तुमचे असे मत आहे का? ज्यांच्याविषयी आहे त्या ठेवा. ज्यांच्याविषयी ‘कोणीतरी सांगितले म्हणून घेतला होता’ एवढेच आठवते, त्यांच्या बाबतीत धीर धरण्यासारखे हाती काहीच नाही.

ॲव्हरेज करण्याविषयी माझे मत बरेच कडक आहे. निर्देशांकातील सगळ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या निर्देशांक फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालणे आणि पडलेल्या एका शेअरमध्ये आणखी पैसे ओतणे, या दोहोंना लोक एकच समजतात. पहिल्यात भाव काहीही असो, खरेदी होते आणि पैसा अनेक कंपन्यांत विखुरलेला राहतो. दुसऱ्यात जी कंपनी अपेक्षेप्रमाणे चाललेली नाही, नेमका तिचाच वाटा तुमच्या पुंजीत वाढत जातो. शंभरला घेतलेला शेअर साठला आला असताना तितकेच आणखी घेतले की सरासरी ऐंशी होते आणि मन हलके होते, परंतु आता त्या कंपनीत घातलेली रक्कम पूर्वीच्या एकशे साठ टक्के झालेली असते. हा शेअर तुमच्याकडे मुळीच नसता तरी आज घेतला असता, अशी खात्री असेल आणि खरेदीनंतरही त्याचा वाटा एकूण पुंजीच्या पाच-सात टक्क्यांच्या आत राहत असेल, तरच ॲव्हरेज करा. माझ्या अनुभवात या दोन अटी लावल्यावर दहांपैकी आठ जण बेत सोडून देतात.

सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दल मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते. तोट्यात असलेल्या माणसाला एका फटक्यात बरोबरीवर आणून सोडणारा जुगार विलक्षण आकर्षक वाटतो, असे रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. प्रत्येकी सरासरी सुमारे दोन लाख आणि सर्वांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. तुमचा आजचा तोटा दोन लाख चाळीस हजारांचा आहे. तो भरून काढायला तुम्ही जिथे जायचे म्हणता, तिथे सरासरी माणूस जवळपास तेवढाच आणखी गमावून परतला आहे. कृपया त्या वाटेला जाऊ नका.

कराचा भाग लहान आहे, पण उपयोगाचा आहे. एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या सूचीबद्ध शेअरांवरील तोटा दीर्घ मुदतीचा धरला जातो आणि तो फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो. उरलेला तोटा पुढे आठ वर्षे ओढता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के कर आहे. यातली मेख अशी की तोटा आधी वजा होतो आणि सव्वा लाखाची सूट नंतर लागते. त्यामुळे ज्या वर्षी तुमचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या आतच आहे, त्या वर्षी तोटा नोंदवला तर तो त्या नफ्यात विनाकारण खर्ची पडतो. सनदी लेखापालाशी एकदा बोलून वर्ष निवडा. ओडीन यांच्या अभ्यासातही हा धागा आहे. अमेरिकेत करवर्ष संपते त्या डिसेंबर महिन्यात लोक तोट्यातले शेअर अधिक विकत होते. कर वाचवला असे म्हणता आले की तेच विकणे माणसाला जमते. आपल्याकडे मार्चमध्ये मी हाच अनुभव घेते, आणि अशिलाला हा आधार लागत असेल तर तो मी आनंदाने देते.

एकदम नऊ शेअरांचा निकाल लावणे जमले नाही, तर अर्धे विका. गणिताच्या दृष्टीने याला फारसा आधार नाही हे मला ठाऊक आहे, पण विकल्यावर भाव वाढला तर होणारा पश्चात्ताप आणि ठेवल्यावर घसरला तर होणारा पश्चात्ताप या दोहोंची धार त्याने बोथट होते. काही करून झालेला तोटा काही न करता झालेल्या तोट्यापेक्षा जास्त बोचतो, आणि विकण्याच्या क्षणी हात अडखळतो तो त्यामुळेच. आलेला पैसा खात्यात रिकामा ठेवू नका. तो कुठे जाणार हे विकण्यापूर्वीच लिहून ठेवा. नुसते ‘तोटा सोसणे’ माणसाला जड जाते, पण ‘या कंपनीतून काढून त्या फंडात नेणे’ हे स्थलांतर वाटते आणि तुलनेने सहज होते.

विकून टाकलेल्या त्या पाच शेअरांविषयी तुम्ही काही विचारले नाही, तरी त्या चुकीची किंमत कदाचित अधिक असेल. काही महिन्यांतच विकल्याने त्यांवर तुम्ही अल्प मुदतीच्या चढ्या दराने कर भरलात, आणि ज्या कंपन्या चांगल्या चालल्या होत्या त्याच नेमक्या हातून गेल्या. यापुढे कोणताही शेअर घेताना तो का घेतला आणि काय घडल्यास विकणार, हे दोन ओळींत तारीख घालून लिहा. ‘वीस टक्के वाढला’ हे त्या ओळींत कारण म्हणून येऊ देऊ नका. कंपनीची विक्री घटली, कर्ज वाढले, व्यवस्थापन बदलले, किंवा मला घरासाठी पैसे हवे आहेत, ही कारणे चालतील.

शेवटी घरच्या गोष्टीविषयी, कारण तुमच्या पत्रातील तेच वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. जोवर विकले नाही तोवर तोटा ‘कागदावरचा’ आहे, असे आपण म्हणतो. विकले की तो खरा होतो, म्हणजे पत्नीसमोर सांगावा लागतो. तुमच्यासारखे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, ज्यांना पैशाच्या हानीपेक्षा ही कबुली जड वाटते, आणि ती लांबवण्यासाठी ते वर्षानुवर्षे थांबतात किंवा ऑप्शनकडे वळतात. एखादा शेअर विकण्यापूर्वीच हे घरी सांगा. तीच नऊ नावांची, खरेदीभाव नसलेली यादी पत्नीपुढे ठेवा आणि त्यांना विचारा की आज हे पैसे हाती असते तर कुठे ठेवले असते. त्या नऊ कंपन्यांपैकी एकीचीही खरेदी त्यांनी केलेली नाही, म्हणून त्यांचे उत्तर तुमच्या आणि माझ्या उत्तरापेक्षा स्वच्छ असण्याचा संभव आहे.

यादी झाल्यावर, कोणत्या नावांपुढे ‘आजही घेतला असता’ असे लिहिता आले आणि हे पैसे कधी लागणार आहेत, एवढे कळवलेत तर पुढच्या टप्प्याविषयी अधिक नेमके लिहिता येईल.